१६१९ की १६२०? त्याआधी १६१८चा कागद वाचा

अमेरिकेचे जन्मवर्ष कोणते, हा वाद आता इतिहासकारांपुरता उरलेला नाही. व्हर्जिनियात आफ्रिकी माणसे विकली गेल्याची पहिली नोंद १६१९ची. तिला २०१९ मध्ये ४०० वर्षे झाली, तेव्हा हेच देशाचे खरे आरंभवर्ष माना, असा आग्रह पुढे आला. त्याला उत्तर म्हणून २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ‘१७७६ आयोग’ नेमला. धर्मासाठी इंग्लंड सोडून प्लिमथला उतरलेल्या ‘यात्रेकरूं’च्या मेफ्लॉवर जहाजाचे अभिमानी १६२० वर ठाम आहेत आणि शाळेच्या नाटुकल्यात काळ्या टोप्या घालून टर्कीच्या ताटाभोवती बसणारी मुले अजून त्यांच्याच बाजूची आहेत. फ्लोरिडातले सेंट ऑगस्टीन हे स्पॅनिश गाव १५६५ पासून सलग नांदते आहे, पण या भांडणात त्याला कोणी विचारत नाही. स्वातंत्र्याच्या १७७६च्या जाहीरनाम्याला २०२६ मध्ये २५० वर्षे होतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहालयांत कोणत्या सालाला किती जागा द्यायची, हा प्रश्न चांगलाच राजकीय झाला आहे.

एकच साल निवडायचे असेल, तर १८ नोव्हेंबर १६१८ रोजी लंडनमध्ये लिहिला गेलेला एक कागद आधी वाचायला हवा, असे माझे म्हणणे आहे. व्हर्जिनिया कंपनीने आपला नवा गव्हर्नर जॉर्ज यर्डली याला दिलेल्या सूचना त्यात आहेत. जो माणसे आणेल त्याला माणशी ५० एकर जमीन, ही त्या सुधारणेची एक बाजू आणि वसाहतीतल्या वस्त्यांच्या प्रतिनिधींची सभा, ही दुसरी. पुढल्याच वर्षी ती सभा भरली आणि त्याच वर्षी आफ्रिकी माणसे विकली गेली. सभेचा अभिमान असणारे आणि गुलामीची आठवण ठेवणारे, दोघेही आपापल्या घटनेपासून सुरुवात करतात आणि दोन्ही घटनांच्या मागचे दप्तर उघडत नाहीत. उघडले तर दोघांचीही पंचाईत होईल.

हा कागद निघाला तो कंपनीची तिजोरी रिकामी झाली म्हणून. १६०६च्या सनदेने स्थापन झालेली ही भागभांडवली कंपनी होती. १६०९ मध्ये भाग साडेबारा पौंडांना विकला गेला आणि ६५९ व्यक्तींनी व लंडनच्या ५६ व्यवसाय-मंडळ्यांनी पैसे घातले. सात वर्षांनी नफ्याची वाटणी करायची, असे ठरले होते. पण वाटायला काही असायला हवे ना. व्हर्जिनियातल्या पहिल्या वस्तीला, जेम्सटाउनला, मे १६०७ मध्ये उतरलेल्या १०४ जणांपैकी नऊ महिन्यांत ३८ उरले. बेटाची जागा स्पॅनिश हल्ल्यापासून बचावाला सोयीची होती, पण पाणी खारट, भोवती दलदल. त्यात १६०६ ते १६१२ हा त्या भागातला सुमारे ७७० वर्षांतला सर्वांत कोरडा सात वर्षांचा काळ होता, हे सायप्रस झाडांच्या वाढवलयांवरून पुढे सिद्ध झाले. म्हणजे तिथल्या मूळच्या ज्या पॉहॅटन लोकांकडून मका मागून खायचा बेत होता, त्यांच्याच कणग्या रिकाम्या होत्या. कॅप्टन न्यूपोर्टने सोने समजून जहाजात भरून नेलेली माती लंडनमध्ये कवडीमोल ठरली. १६०९-१०च्या हिवाळ्यात काही शेकड्यांतून ६०च्या आसपास माणसे जगली. चौदा वर्षांच्या एका मुलीच्या हाडांवर, मेल्यानंतर मांस काढल्याच्या खुणा संशोधकांना सापडल्या, हे २०१३ मध्ये जाहीर झाले.

त्यानंतर आली लष्करी शिस्त. अन्न चोरल्यास मृत्युदंड, पळून जाऊन स्थानिकांत मिसळल्यास मृत्युदंड. सर टॉमस डेलने हे कायदे राबवले आणि वसाहत तगली, पण लंडनमध्ये व्हर्जिनियाचे नाव इतके खराब झाले की माणसे जायला तयार होईनात. १६१६ मध्ये तिथे ३५१ माणसे होती. त्याच वर्षी लाभांशाची मुदत भरली. कंपनीने भागधारकांना काय दिले? भागामागे ५० एकर रान, तेही आणखी साडेबारा पौंड भरले तर. १६१२ पासून खर्च चालवायला कंपनी चक्क लॉटरीची तिकिटे विकत होती.

या अवस्थेत १६१८चा कागद आला. सर एडविन सँडिस हा त्या सुधारणेचा मुख्य पुरस्कर्ता. रोकड नाही, जमीन मात्र, कागदावर तरी, अमाप. मग जमिनीलाच चलन करायचे ठरले. १६१६च्या आधी स्वखर्चाने आलेल्या जुन्या वसाहतकऱ्यांना १०० एकर. नंतर स्वखर्चाने आलेल्याला ५० एकर. आणि दुसऱ्या कुणाचे जहाजभाडे भरून त्याला आणले, तर भाडे भरणाऱ्याला माणशी ५० एकर. वार्षिक सारा ५० एकरांना एक शिलिंग. इंग्रजीत याला ‘हेडराइट’ म्हणतात, आपण डोईहक्क म्हणू.

या कलमातली एक अट सहसा पुस्तकात येत नाही. आणलेला माणूस तीन वर्षे वसाहतीत राहिला पाहिजे, किंवा जहाजावर चढल्यानंतर मेला तरी चालेल. ५० एकर पक्के. लिहिणाऱ्यांना मृत्यूचा दर माहीत होता. गुंतवणूकदाराने त्या भीतीने हात आखडता घेऊ नये, म्हणून ही सोय. १६१९ ते १६२२ या काळात कंपनीने साडेतीन हजारांवर माणसे रवाना केली आणि १६२२च्या वसंतात लोकसंख्या जेमतेम १,२४० होती. पुन्हा जुलमी कायदे आणावे लागले नाहीत, तरी वसाहत माणसे खातच राहिली, आणि मेलेल्यांच्या नावावर जमीन मिळत राहिली.

हिशेब साधा होता. जहाजभाडे सुमारे सहा पौंड. ज्याच्याकडे ते नाहीत तो चार ते सात वर्षांच्या चाकरीचा करार लिहून देई; आपल्याकडचे गिरमिट पुढे निघाले ते याच जातीचे. मालकाला सहा पौंडांत काही वर्षांची मजुरी आणि शिवाय ५० एकर. करार संपल्यावर ते ५० एकर चाकराला मिळत, असा एक गैरसमज सर्वदूर आहे. हक्क भाडे भरणाऱ्याचा होता. मुदत संपलेला चाकर मोकळा होई, पण जमिनीसाठी त्याला एकतर विकत घ्यावे लागे किंवा कुणाची तरी खंडाने कसावी लागे. मेरीलँडने नंतर काही काळ मुक्त झालेल्याला जमिनीचा हक्क ठेवला, व्हर्जिनियाची रचना मात्र अशी होती.

गैरव्यवहारही लवकरच सुरू झाला. एकाच माणसाच्या नावावर जहाजाचा कप्तान एकदा, त्याचा करार विकणारा व्यापारी दुसऱ्यांदा आणि करार घेणारा मळेवाला तिसऱ्यांदा दावा लावी. खलाशी प्रत्येक फेरीत ‘नवा आलेला’ म्हणून मोजला जाई. शतकाच्या अखेरीस तर सचिवाच्या कचेरीतले कारकून कोऱ्या नावांचे हक्क काही शिलिंगांना विकत. माणूस आणण्यासाठी जमीन, या मूळ हेतूचा तेव्हा पत्ताच नव्हता.

पण ५० एकरच का लागत होते, हे तंबाखू कळल्याशिवाय कळत नाही. स्थानिक तंबाखू उग्र आणि जिभेला झोंबणारा. जॉन रॉल्फने १६१२च्या सुमारास कॅरिबियन भागातले गोड जातीचे बी लावून पाहिले. १६१७ मध्ये २०,००० पौंड वजनाची पाने इंग्लंडला गेली. १६२९ मध्ये हा आकडा १५ लाख पौंडांवर पोचला. पीक नाजूक. बी इतके बारीक की चिमटीत हजारो मावते. थंडीच्या अखेरीस गादीवाफ्यावर टाकायचे, मे महिन्यात पाऊस पडून माती ओली झाली की एकेका रोपासाठी मातीचा उंचवटा करून लागण करायची. मग शेंडा खुडून मोजकी पाने ठेवायची, दर आठवड्याला बगलफूट काढायची आणि हिरव्या अळ्या हाताने वेचून चिरडायच्या. निपाणीकडच्या वाचकाला हे सांगायची गरज नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात तोडणी. सुरुवातीला पाने ढीग घालून वाळवत, त्यात आतली पाने उबून कुजत. १६१९च्या सुमारास दोरीवर टांगून वाळवणे जास्त बरे, हे ध्यानात आले. वाळलेले पान कोरड्या हवेत उतरवले तर चुरा होतो, जास्त ओलसर असताना पिंपात दाबले तर बुरशी धरते. म्हणून दमट दिवसाची वाट पाहायची.

या सगळ्या कामात यंत्र नाही, बैलही फारसा उपयोगाचा नाही. झाडांच्या खुंटांमधून कुदळीनेच काम. एक माणूस जेमतेम दोन-तीन एकर सांभाळी. शिवाय तंबाखू जमिनीचा कस तीन-चार पिकांत खाऊन टाकतो. मग काही वर्षे मका, आणि पुढे वीसेक वर्षे जमीन पडीक. म्हणजे एका मजुरामागे सतत दोन-तीन एकर ताजे रान हवे असेल, तर फेरपालटासाठी जवळ पन्नासेक एकर असलेलीच बरी. लंडनच्या कारभाऱ्यांनी हा हिशेब करून आकडा ठरवला असे नाही. पण तो पिकाला असा काही चपखल बसला की पुढे कोणी बदलला नाही. भाव १६१९ मध्ये उत्तम पानाला पौंडामागे तीन शिलिंग होता. १६३०च्या सुमारास तो पेनीच्या घरात घसरला. भाव पडला की मळेवाला पीक कमी करत नसे, हात वाढवी आणि आणखी रान तोडी. हात वाढवले की जमीन आपोआप मिळत होती.

सभा भरली ३० जुलै १६१९ रोजी, जेम्सटाउनच्या चर्चमध्ये. अकरा वस्त्यांतून प्रत्येकी दोन, असे २२ प्रतिनिधी आले. त्यांतल्या दोघांना बसू दिले नाही, कारण त्यांच्या मालकाच्या पट्ट्यात वसाहतीचे कायदे त्याला लागू नाहीत, असे कलम होते. सहा दिवसांत उन्हाळा असह्य झाला, एक प्रतिनिधी वारला आणि सभा उठली. काय काय ठरवले? आळशीपणाला शिक्षा, चर्चला हजेरी, स्थानिकांशी व्यवहाराचे नियम, आणि उत्तम तंबाखूला तीन शिलिंग व दुय्यमाला अठरा पेनी, हा कंपनीच्या भांडाराचा दर. लोकशाहीचे पाळणाघर वगैरे म्हणायला हरकत नाही, पण त्या सभेत बसलेले लोक मुख्यतः आपल्या मालाचा भाव ठरवत होते. मला यात काही हलके वाटत नाही. प्रतिनिधिसंस्था बहुतेक ठिकाणी अशीच, पैशाच्या आणि कराच्या प्रश्नातून उभी राहते. खटकते ते तिला हवेतून उतरलेल्या तत्त्वाचे रूप देणे. सभा दिली ती माणसे आणि भांडवल यावे म्हणून. लष्करी कायद्याची बदनामी पुसायची होती. डांबर आणि राळ बनवणाऱ्या पोलिश कारागिरांना त्याच उन्हाळ्यात नागरिकांच्या बरोबरीचे हक्क मिळाले, ते त्यांच्या हुनराची गरज होती म्हणून. ते हुनर तरुणांना शिकवायचे, ही अट होतीच.

सभा उठल्यावर महिनाभराच्या आत ‘व्हाइट लायन’ हे खासगी लढाऊ जहाज पॉइंट कम्फर्टला लागले. लुआंडाहून व्हेराक्रुझला चाललेल्या एका पोर्तुगीज गुलामजहाजावरून लुटलेली वीसहून थोडी अधिक आफ्रिकी माणसे त्यावर होती. रॉल्फने सँडिसला पाठवलेल्या पत्रात ती अन्नसामग्रीच्या बदल्यात घेतल्याचे लिहिले आहे. घेणारे कोण? गव्हर्नर यर्डली आणि कंपनीचा मुख्य व्यापारी अब्राहम पिअर्सी. सभा भरवण्याची सूचना ज्याच्या हाती होती, तोच हा यर्डली.

तेव्हा व्हर्जिनियाच्या कायद्यात ‘गुलाम’ असा वर्गच नव्हता. ही पोकळी भरायला चाळीस-पन्नास वर्षे लागली आणि ती त्याच प्रतिनिधिसभेने आणि कोर्टांनी भरली. १६४० मध्ये तीन चाकर पळाले. दोघा युरोपियनांची चाकरी चार वर्षांनी वाढली, तिसऱ्या जॉन पंच या काळ्या माणसाला जन्मभराची चाकरी झाली. १६६२च्या कायद्याने मुलाची स्थिती आईवरून ठरू लागली, म्हणजे गुलाम स्त्रीला मालकापासून झालेले मूलही मालकाचा माल. इंग्लिश कायद्यात मूल बापाचे. इथे हेतुपुरस्सर उलटे केले. १६६७ मध्ये बाप्तिस्मा घेतल्याने गुलामी सुटत नाही, असे ठरले.

आणि या सगळ्या काळात आफ्रिकी गुलामाच्या डोईमागेही ५० एकर मिळत होते. शतक संपेपर्यंत ही सोय चालू राहिली. हा तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गुलाम विकत घेण्यासाठी मालकाने भांडवल घातले, तर सरकार त्याला वर जमीन देई. १६२१ मध्ये ‘अंटोनियो’ म्हणून आलेला अँथनी जॉन्सन पुढे मुक्त झाला आणि १६५१ मध्ये त्याने पाच डोक्यांवर २५० एकरांचा पट्टा मिळवला. नियम तेव्हा रंग पाहत नव्हता. १६७० मध्ये तो मेला, तेव्हा व्हर्जिनियाच्या ज्यूरीने ठरवले की तो काळा, म्हणून परका. सबब त्याची जमीन सरकारजमा होऊ शकते. त्याच वर्षी सभेने मतदान जमीनदार आणि घरवाल्यांपुरते मर्यादित केले. सहा वर्षांनी नॅथॅनिअल बेकनच्या बंडात जमीन नसलेले मुक्त चाकर, करारातले चाकर आणि काळे गुलाम एकत्र आले आणि त्यांनी जेम्सटाउन जाळले. १७०५च्या कायद्याने मुक्त होणाऱ्या गोऱ्या चाकराला मका, पैसे आणि बंदूक देवविली, आणि गुलामांकडची गुरेडुकरे काढून घेतली. मजुरांतली फूट कायद्याने किती काटेकोर पाडता येते, त्याचा हा नमुना.

डोईहक्काचा तिसरा परिणाम जमिनीच्या मूळ मालकांवर झाला. ‘रिकामी’ म्हणून वाटलेली जमीन रिकामी नव्हती. तीसेक जमातींचे, १४-१५ हजार लोकांचे पॉहॅटन राज्य तिथे होते आणि त्यांनी साफ केलेली मक्याची शेते नदीकाठी होती. मळेवाल्याला हवा होता तोच नदीकाठ, म्हणजे जहाज थेट त्याच्या धक्क्याला लागेल. १६१४ मध्ये पॉहॅटन प्रमुखाची मुलगी पोकाहाँटस आणि रॉल्फ यांच्या लग्नाने आलेली शांतता ३५१ माणसांच्या वसाहतीशी होती. वर्षाला हजार माणसे ओतणाऱ्या आणि प्रत्येकामागे ५० एकर मोजणाऱ्या वसाहतीशी ती टिकणे शक्य नव्हते. २२ मार्च १६२२ रोजी पॉहॅटनांचा प्रमुख ओपेचँकॅनो याच्या हल्ल्यात ३४७ वसाहतकरी मारले गेले, चौथ्या हिश्श्याहून जास्त. पाठ्यपुस्तके याला अचानक झालेली कत्तल म्हणतात. अचानक होती ती वेळ. कारण चार वर्षे पट्ट्यापट्ट्याने वाढत होते. १६२४ मध्ये कोर्टाने कंपनीची सनद रद्द केली. डोईहक्क आणि सभा दोन्ही तिच्यामागे जगले.

मग १६२०च्या प्लिमथचे काय? ते लोक धर्मासाठी आले, हे खरे. पण तेही भागभांडवलावरच आले. टॉमस वेस्टन आणि सुमारे ७० गुंतवणूकदार, दहा पौंडांचा भाग, सात वर्षे सगळी मिळकत सामाईक. मेफ्लॉवरच्या १०२ प्रवाशांपैकी ४१ पुरुषांनी सही केलेला करार आज पवित्र मानतात. तो करावा लागला, कारण जहाज ठरल्या जागेच्या फार उत्तरेला लागले आणि कंपनीच्या पट्ट्याचा अंमल तिथे चालत नाही, असे काहीजण उघड बोलू लागले. अमेरिकेत दर नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, कोणीतरी लिहितो की यात्रेकरूंनी समाजवाद करून पाहिला, उपाशी राहिले आणि १६२३ मध्ये घरोघरी जमीन वाटल्यावर सुधारले. १६२३ची वाटणी खरी, तिचा फायदाही खरा. मात्र ती सामाईक कोठी समाजवाद्यांची नव्हती, लंडनच्या सावकारांनी आपल्या वसुलीसाठी घातलेली अट होती. तिच्यातून सुटायला वसाहतीने १६२७ मध्ये १,८०० पौंड मान्य केले, वर्षाला २०० प्रमाणे, आणि ते फेडले मुख्यतः बीव्हरच्या कातड्यांवर.

मॅसॅच्युसेट्सची गोष्ट याहून चमकदार. १६२९च्या सनदेत कंपनीची बैठक कुठे भरावी, हे लिहायचे राहिले. वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप आणि मंडळींनी १६३० मध्ये सनदच जहाजात घालून नेली. भागधारकांची सर्वसाधारण सभा हीच मग विधानसभा झाली. तिथेही चाकर आणणाऱ्याला माणशी ५० एकरांचे आमिष होते, पण जमीन मुख्यतः गावाला मिळे आणि गाव ती घरांना वाटे. म्हणून तिथे चर्चभोवती गावे वसली आणि व्हर्जिनियात नदीकाठी सुटे मळे. १६४७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने ५० घरांच्या गावाला शिक्षक नेमणे सक्तीचे केले. व्हर्जिनियाचा गव्हर्नर बर्कली १६७१ मध्ये, इथे मोफत शाळा आणि छापखाने नाहीत, याबद्दल देवाचे आभार मानत होता. मॅसॅच्युसेट्सचे हात स्वच्छ होते असे नाही. स्थानिक पेक्वाट जमातीशी झालेल्या युद्धातले कैदी वेस्ट इंडीजला विकून आफ्रिकी माणसे आणली गेली, आणि गुलामीला मान्यता देणारा कायदा १६४१ मध्ये तिथेच आधी झाला. पण जमीन कुणाच्या हाती कोणत्या नियमाने जाते, यावर पुढचा समाज किती ठरतो, हे या दोन वसाहती शेजारी ठेवल्यावर दिसते.

हीच कसोटी मुंबईला लावून पाहता येते, आणि तो ओढूनताणून आणलेला संबंध नाही. १६०६ची व्हर्जिनियाची सनद, १६२९ची मॅसॅच्युसेट्सची आणि दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये मुंबई बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले ती सनद, तिन्हींत एकच वाक्य आहे: ही जमीन केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिच या राजाच्या खासगी जहागिरीचा भाग समजून धारण करावी. राजाला लष्करी चाकरी द्यावी लागू नये, म्हणून केलेली ही कायदेशीर कल्पना. तिथे जन्मलेल्यांना इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखे हक्क, हे कलमही व्हर्जिनियात आणि मुंबईत दोन्हीकडे आहे. माणसेही तीच. सर टॉमस स्माइथ एकाच वेळी दोन्ही कंपन्यांच्या प्रमुखपदी होता. जेम्सटाउनला पहिली जहाजे नेणारा न्यूपोर्ट, जहांगीराच्या दरबारी आलेला इंग्लंडचा वकील टॉमस रो याला १६१५ मध्ये सुरतेला आणणाऱ्या ताफ्यात कप्तान होता. व्हर्जिनियात फाशीचे कायदे राबवणारा डेल १६१९ मध्ये मच्छलीपट्टणला मेला. आणि १६३५ मध्ये व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेनिफी या मळेवाल्याने ज्यांच्या डोक्यांवर जमीन मागितली, त्यांत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असे एक नाव आहे. व्हर्जिनियाच्या दप्तरात भारतीय माणूस उमटतो, तोही ५० एकरांचा आकडा म्हणून.

सनदेचे वाक्य एक असूनही मुंबईत डोईहक्क आला नाही. तिथे भाताची खाचरे, माड आणि पोर्तुगीज काळापासूनचे वतनदार आधीच होते, आणि त्यांना मालक मानण्यावाचून इलाज नव्हता. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजिए याला १६७२ मध्ये त्यांच्याशी वर्षाला २०,००० झेराफिनचा (हे पोर्तुगीज नाणे) तह करावा लागला. पॉहॅटनांशी असा तह कोणी केला नाही. सनदेतल्या तत्त्वापेक्षा जमीनवाटपाचा नियम महत्त्वाचा, हे म्हणायला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

यावर एक आक्षेप खरोखर जड आहे. बार्बाडोसला गुलामी साखरेबरोबर आली आणि झपाट्याने आली. तिला व्हर्जिनियासारख्या डोईहक्काची गरज पडली नाही. शिवाय बर्कलीच्या १६७१च्या अहवालात व्हर्जिनियाच्या ४०,००० लोकांत काळे गुलाम २,००० आणि करारी चाकर ६,००० आहेत. १६१९ नंतर पन्नास वर्षांनीही गुलामी हा तिथला मुख्य मजुरीप्रकार नव्हता. मग १६१८च्या कागदावर तिचे खापर कसे फोडायचे? तसे फोडूही नये. इंग्लंडमधून चाकर येणे कमी झाले आणि आफ्रिकेच्या व्यापारातली मक्तेदारी १६९८ मध्ये मोडली, तेव्हा गुलामांची संख्या उसळली. डोईहक्काने गुलामी निर्माण केली नाही. जो मजूर विकत घेतो त्यालाच जमीन, आणि ज्याला जमीन त्यालाच सभेत मत, ही साखळी मात्र त्याने आधीच तयार ठेवली होती. गुलामांची लाट आली, तेव्हा ती अडवण्याचे कारण असणारा माणूस सभेत उरला नव्हता. म्हणूनच सभेचे १६१९ आणि गुलामीचे १६१९ वेगळे काढून एकाचा उत्सव आणि दुसऱ्याचा शोक करणे मला अपुरे वाटते.

राहिला १७७६चा दावा, की त्या वर्षी जुने सगळे मागे पडले. व्हर्जिनियात डोईहक्क जाहीरनाम्यानंतरही तीन वर्षे कायद्यात होता. १७७९ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला, त्यामागे युद्धाचे कर्ज होते. तिजोरीला रोकड हवी होती, म्हणून जमीन १०० एकरांना ४० पौंड दराने विकायला काढली.